माझ्या क्लायमॅक्सवर घेतलेली व्हॅन

मला माझ्या चुलतभावाचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी शहाण्यासारखं काहीबाही बोलेन आणि वाचणाऱ्याला वाटेल, माणूस समंजस आहे. मी समंजस नाही. त्याचं नाव निघालं की माझ्या छातीत जळजळतं, आणि ते पित्ताचं नसतं.

आम्ही दोघं चारकोपच्या एकाच घरात वाढलो. आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा परळची खोली सोडून त्यांनी चारकोपच्या सेक्टरात हे बैठं घर घेतलं. माझे वडील थोरले, त्याचे धाकटे. मी अभ्यासात पुढे, एकांकिका लिहून बक्षिसं आणणारा. तो दहावीला अडकलेला. मी मराठी मालिकांचे संवाद लिहायला लागलो, तेव्हा तो टेम्पो चालवत होता. मग त्याने शूटिंगला वीज पुरवणारी जनरेटरची गाडी घेतली आणि तिच्या पाठोपाठ व्हॅनिटी व्हॅन आल्या. नटनट्या ज्यांच्यात मेकअप करतात, जेवतात, झोपतात आणि रुसून बसतात, त्या या गाड्या. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा गाळा आहे. तिथे जुन्या बसचा सांगाडा येतो आणि आत सोफा, एसी, न्हाणीघर आणि चौफेर बल्ब लावलेला आरसा घेऊन बाहेर पडतो. काका-काकूंना घेऊन तो बोरिवलीच्या मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेला. वडील गेल्यावर चारकोपच्या घरात उरलो आई आणि मी.

त्याच्याकडे नव्हतं असं माझ्याकडे एकच होतं. घरचा गणपती.

आमच्यात गणपती थोरल्याच्या घरी बसतो. कोकणातल्या गावाहून आजोबांनी आणला, त्यांच्यानंतर वडिलांकडे आला, वडिलांनंतर माझ्याकडे. पाच दिवस सगळं घराणं आमच्याकडे. आरतीचं ताट पहिलं माझ्या हातात, आणि विसर्जनाच्या वेळी पहिली हाक माझी. बाकीचं वर्षभर मला कोणी काही विचारत नाही, पण ते पाच दिवस मोठमोठे काके 'दादाला विचारा' म्हणतात. चुलतभाऊ माझ्याहून वर्षाने लहान. तोही मग दादा, दादा करत नारळ सोलायला बसतो. खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

पण घर केवढं? आजोबांनी भिंतीला लागून सिमेंटचा ओटा करून घेतलेला आणि त्याच्या बरोब्बर वर सामानाचा माळा. बाप्पाचा मुकुट माळ्याला लागणार नाही इतपतच मूर्ती आणायची, हा आमचा नेम. घराण्यात पोरं वाढली, सुना आल्या, जावई आले, आणि आरतीला निम्मी माणसं गल्लीत उभी राहायला लागली. दोन वर्षांपूर्वी विसर्जन करून आलो, सगळे चहा पीत होते, तेव्हा काकूने विषय काढलाच.

"पुढच्या वर्षी आमच्याकडे बसवूया ना. हॉल एवढा मोठा, उगाच मोकळा पडलाय."

कोणालाच नवल वाटलं नाही. आईने कपबशा गोळा करायला सुरुवात केली. मला कळलं की ही सगळी मंडळी आपापसात आधीच बोललेली आहेत.

"माझा पिक्चर येऊ दे," मी म्हणालो. "मोठं घर घेतो. गणपती कुठे जाणार नाही."

"बरोबर आहे दादाचं," चुलतभाऊ म्हणाला. "पिक्चर येऊ दे."

त्याने ते मनापासून म्हटलं. त्याचं हेच मला सहन होत नाही.

तो पिक्चर म्हणजे माझं पहिलं मोठं हिंदी काम. मोठा म्हणजे किती, तर नायकाच्या घोड्यालाही स्वतंत्र माणूस होता. करार करताना निर्मात्याने मला अंधेरीच्या ऑफिसात समोर बसवून काजू खायला घातले आणि दोन रस्ते दाखवले. ठरलेली रक्कम घे आणि मोकळा हो, किंवा निम्मीच घे आणि निव्वळ नफ्यात टक्का घे. "आप तो घर के आदमी हो, पार्टनर बनो," तो म्हणाला. पार्टनर या शब्दाने मी पाघळलो. माझ्या डोळ्यांसमोर चारकोपमध्येच उभा राहत असलेला नवा टॉवर आला आणि मी सही केली.

शूटिंगसाठी मढच्या बाजूला अख्खी राजधानी उभारली होती. पहिल्या दिवशी मी तिथे पोचलो आणि बघतो तर राजवाड्याच्या मागे ओळीने उभ्या असलेल्या व्हॅन आमच्या बंधूंच्या! त्याने मला मिठी मारली, सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं आणि सांगितलं, "हा आपला दादा. ह्याने लिहिलाय पिक्चर." मग मला एका व्हॅनमध्ये बसवून एसी लावला. त्याच्या थंडगार सोफ्यावर बसून त्याचा चहा पिताना मला वाटलं, बस बाबा आज मिरवत, उद्या मी भागीदार असेन आणि तू गाडीवाला.

पिक्चर लांबला. नायकाला शेवट आवडेना. त्याला मरायचं नव्हतं, मग मरायचं होतं पण पाण्यात नको होतं, मग पाण्यातच पण शत्रूला मिठी मारून. दर वेळी मी नवा क्लायमॅक्स लिहीत होतो. मी लिहीत असेपर्यंत सेट उभा, शेकडो सैनिक पोशाख घालून बसलेले, घोडे चरत असलेले आणि मागे व्हॅनच्या एसींचा घूं घूं आवाज. मला अभिमान वाटायचा. एवढी मोठी यंत्रणा माझ्या एका पानासाठी थांबली आहे! संध्याकाळी चुलतभाऊ यायचा, वाकून कागदाकडे बघायचा.

"झालं काय रे, दादा?"

"नाही. परत लिहायला सांगितलंय."

"लिही, लिही. आरामात लिही. घाई नको करू."

मला वाटायचं, काळजीने बोलतोय. असेलही. पण व्हॅनचं भाडं दिवसावर असतं हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. ज्या दिवसांत मी तो शेवट लिहीत, खोडत आणि पुन्हा लिहीत होतो, त्याच दिवसांत त्याने नवी, सगळ्यांत मोठी, दोन खोल्यांची व्हॅन बनवायला घेतली. नायकाने तीच मागितली. म्हणजे सरळ हिशेब असा, की ती व्हॅन त्याने माझ्या क्लायमॅक्सवर घेतली.

गेल्या उन्हाळ्यात पिक्चर लागला आणि जोरात लागला. अंधेरीच्या हायवेवर भलंमोठं पोस्टर, त्यावर नायकाच्या छातीवर छापलेला कोट्यवधींचा आकडा. तो दर दोन-चार दिवसांनी बदलायचा आणि मुद्दाम वाट वाकडी करून मी बघायला जायचो. गल्लीतल्या बायका आईला थांबवून पार्टी मागायला लागल्या. घराण्याच्या ग्रुपवर काकूने लिहिलं, "आता काय बाबा, तुम्ही कोटीत खेळणार." चुलतभावाने माझा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'आमचा दादा'. सुखाचे म्हणावेत असे माझ्या आयुष्यात तेच काही आठवडे. हेव्याची जागा एकदम रिकामी झाली होती आणि तिथे मस्त वारा येत होता.

त्या वाऱ्यात मी आईला घेऊन नव्या टॉवरचा नमुन्याचा फ्लॅट बघायला गेलो. आईने स्वयंपाकघर पाहिलं नाही, बाल्कनी पाहिली नाही. चप्पल काढून ती थेट हॉलच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

"हयसर मखर," ती म्हणाली. मग हात वर करून तिने छताकडे बघितलं. "आणि वर माळो नाय."

तो हात बघूनच मी पुढचा उद्योग केला. आमच्याकडे मूर्ती विकत आणत नाहीत, घडवून घेतात. उन्हाळा संपता संपता घरचा पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा. मूर्ती घडवायच्या कारखान्याला आम्ही कोकणातले लोक शाळाच म्हणतो. पाट जेवढा, मूर्ती तेवढी. आजोबांच्या वेळेपासूनचा छोटा सागवानी पाट आमच्याकडे आहे. त्या वर्षी मी तो नेलाच नाही. सुताराकडून नवा, ऐसपैस पाट करून घेतला, त्यावर पानसुपारी ठेवली आणि शाळेतल्या मूर्तिकाराला सांगितलं, ह्याच्यावर शोभेल अशी भरदार मूर्ती कर. बोरिवलीच्या हॉलवाल्यांनी बघत राहावं अशी. तो म्हणाला, "नीट इचार केलास मां? एकदा वाढवलास की मागे येवक नाय." मूर्ती वाढवली की पुढे लहान करायची नाही, हे मलाही माहीत होतं. मी म्हणालो, मागे कशाला येतोय?

आणि मग, श्रावण लागल्यावर, मी माझा टक्का मागायला अंधेरीच्या ऑफिसात गेलो.

निर्माता परदेशात होता. त्यांच्या हिशेबाचं सगळं बघणाऱ्या सीए बाईंनी मला आत बोलावलं. मुलुंडच्या मराठी बाई, बोलायला गोड. त्यांनी दार लावून घेतलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"सर, पिक्चर हिट आहे," त्या म्हणाल्या. "फायद्यात नाही."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"पोस्टरवरचा आकडा तिकीटबारीवरचा असतो. त्यातून आधी कर गेला. उरलेल्यातला साधारण निम्मा थिएटरवाल्यांचा. मग वितरकाचं कमिशन, जाहिरातीचा खर्च. नायकाचा वाटा वरच्या वर निघतो, तो नफ्याची वाट बघत नाही. मग पिक्चरचा खर्च फेडायचा आणि त्यावरचं व्याज. शूटिंग लांबलं ना, तेवढं व्याजही लांबलं."

"व्याज कोणाला दिलं?"

"आपल्याच फायनान्स कंपनीला."

"आणि कॅमेरे, लाइट?"

"ते आपल्याच दुसऱ्या कंपनीचे. त्यांचं भाडं." त्यांनी माझ्याकडे जरा कणवेने बघितलं. "ऑफिसचा खर्चही पिक्चरवर लावतात, सर. सगळे लावतात. तुमच्या करारात निव्वळ नफ्याची व्याख्या आहेच."

होती. मी वाचली नव्हती. मी पार्टनर हा शब्द वाचला होता.

"पण ओटीटीला विकला ना? तो तर केवढ्याला तरी गेला, पेपरात आलं होतं."

"तीन पिक्चर एकत्र विकले. पैशाची वाटणी तिघांत केली. तुमच्या पिक्चरच्या नावावर कमी धरले."

"का?"

"बाकीच्या दोघांत कोणाला टक्का दिलेला नाही."

त्या हे इतक्या सरळ बोलल्या की मला क्षणभर ते बरोबरच वाटलं. मग मी विचारलं, बाई, एवढे लोक तिकीट काढून बघून गेले, तर त्या पैशाचं झालं काय? मिळाले कोणाला?

"ज्यांनी बिलं लावली त्यांना," त्या म्हणाल्या. "निर्मात्याच्या कंपन्या, जनरेटर, केटरिंग, व्हॅनवाले. पिक्चर चालो, पडो, त्यांचे पैसे निघालेले असतात. नफा हा सगळ्यांचं झाल्यावर येतो, सर. आणि सगळ्यांचं कधी होत नाही."

मी उठलो. लिफ्टमध्ये माझा राग निर्मात्यावर यायला हवा होता. बाईंवर यायला हवा होता, निदान स्वतःवर तरी. तो आला चुलतभावावर. त्याने मला फसवलं नव्हतं. त्याने फक्त आपली गाडी आणून उभी केली होती आणि संध्याकाळी बिल लावलं होतं. आरामात लिही म्हणे! प्रत्येक पान लिहिताना मी माझा टक्का पुढे ढकलत होतो आणि त्याची व्हॅन जवळ आणत होतो. माझ्या अकलेचं भाडं त्याला मिळालं, या एका गोष्टीने मला घरी पोचेपर्यंत कापून काढलं.

आईला सांगितलं की टॉवर राहिला. ती म्हणाली, "मग मूर्ती?"

मूर्तीचं मी विसरलोच होतो. दोघं शाळेत गेलो. नव्या पाटावर आमचा बाप्पा बसला होता, अजून मातीचाच, रंग नव्हता. पण काय देखणा! रुंद खांदे, मांडी ऐसपैस पसरलेली, सोंड अशी वळवलेली की आत्ता काहीतरी बोलेल. मी नजरेनेच त्याला आमच्या ओट्यावर बसवून बघितला. मुकुट तर सोडाच, माळा त्याच्या कानाशी आला असता. मूर्तिकार हात पुसत आमच्याकडे बघत होता. मागे येवक नाय, हे त्याने पुन्हा म्हटलं नाही. त्याने चहा सांगितला.

आईने तिथूनच बोरिवलीला फोन लावला. मला विचारलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी चुलतभाऊ मूर्ती न्यायला आला. टेम्पोत एवढ्या मूर्तीला धक्के बसतील म्हणून त्याने व्हॅन आणली होती. तीच, दोन खोल्यांची, क्लायमॅक्सवाली. बाप्पाला सोफ्यासमोर गादीवर ठेवलं, चारी बाजूंनी उशा लावल्या, एसी चालू केला. ज्या आरशासमोर नायक मरायचं की नाही हे ठरवत बसायचा, त्याचे सगळे बल्ब पेटले आणि त्यात बाप्पा दिसला, पाटाला धरून बसलेली आई दिसली, चुलतभाऊ दिसला. कडेला अर्धा मी होतो.

"दादा, तुझी मूर्ती झकास हां," तो म्हणाला. "आमच्या हॉलला अशीच पायजे होती."

माझी मूर्ती, त्याचा हॉल. मी म्हणालो, हो.

पाच दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. त्याने मला काही कमी केलं नाही. आरतीचं ताट माझ्याच हातात दिलं, पूजेला मलाच बसवलं, आल्यागेल्याला सांगितलं की मूर्ती दादाची निवड. सगळी माणसं हॉलमध्ये मावली, गल्लीत कोणी उभं राहिलं नाही. आई काकूच्या स्वयंपाकघरातल्या लांबलचक ओट्याशी मोदक वळत होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर म्हणाली, "हयसर बरा वाटता रे. देवाक पण बरा वाटला असतला." तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी चारकोपला कधी पाहिलं नव्हतं. मला त्या ओट्याचासुद्धा हेवा वाटला.

गौरी जेवल्या त्या दिवशी चुलतभाऊ माझ्याशेजारी येऊन बसला.

"पार्ट टूचं बुकिंग आलं, दादा. व्हॅन जास्त लागणारेत ह्या वेळी. तुला तर माहीतच असेल."

मला माहीत नव्हतं. मला कोणी फोन केला नव्हता. कागदावर तोट्यात असलेल्या पिक्चरचा दुसरा भाग निघत होता आणि ते मला गाडीवाल्याकडून कळत होतं.

"हो," मी म्हणालो. "बोलणं चालू आहे."

"मग तू लिहिशील तेव्हा..." तो हसला आणि त्याने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "आरामात हां."

विसर्जनाला गोराईच्या खाडीवर गेलो. आरती झाली. मूर्ती जड होती, सहा-सात जण लागले पाण्यात न्यायला. आमच्यात पहिली हाक थोरल्याची असते आणि बाकीच्यांनी तिला साथ द्यायची. मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, बाप्पाच्या डोक्यावर हात ठेवला आणि ओरडलो, "गणपती बाप्पा!"

"मोरया!" सगळे म्हणाले.

"मंगलमूर्ती!"

"मोरया!"

आता पुढची हाक. पुढच्या वर्षी. तोंड उघडलं आणि माझ्या मनात आलं, या म्हणून कुठे बोलावतोय मी? ही मूर्ती लहान होणार नाही. माझा माळा वर जाणार नाही. पुढच्या वर्षी म्हणजे बोरिवलीला, त्याच्या पुढच्या वर्षी बोरिवलीला. लोक हात वर करून माझ्याकडे बघत थांबले होते. बाजूने दुसऱ्या घरांचे गणपती पाण्यात उतरत होते.

शेवटी माझ्या मागून चुलतभावाने हाक दिली, जरा दबकतच, थोरला गप्प आहे म्हणून नाइलाजाने दिल्यासारखी. "पुढच्या वर्षी..."

आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, आईचा आवाज आला, "लवकर या!"